वाढणारं घर

६ ऑक्टोबर

धाकट्या,

फोनवर मी भाषण करते आणि तुला मध्ये बोलू देत नाही, ही तुझी जुनी तक्रार. म्हणून पत्र लिहिते आहे. इथेही तुला मध्ये बोलता येणार नाहीच, पण निदान कागद बाजूला ठेवून पाणी प्यायला उठता येईल.

परवा आमच्या विषमुक्त शेती संघाच्या बैठकीत चिटणिसांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवलं. मथळा होता, ‘विषमुक्त शेतीही हवा बिघडवते’. खाली आपल्या खालच्या शेताचा फोटो, त्यात मागे आपलं घर, आणि पुढे मीच रंगवून लावलेली ‘संघाचं आदर्श शेत’ ही पाटी. मजकुरात तू, सगळ्या पदव्यांसकट.

सगळे माझ्याकडे बघत होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर मी पुरून उरले असते. ते माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. बाई खोटी की बाईचा भाऊ खोटा, एवढंच त्यांना ठरवायचं होतं.

ओढ्यांत मासे उलटे तरंगत होते तेव्हा तुझ्यासारखे मोजणारे कुठे होते? मधमाश्या फुलांवरून खाली पडत होत्या तेव्हा कुणी डबे लावले होते? ज्यांनी जमिनीत पोत्यापोत्यांनी विष ओतलं, त्यांच्या बांधावर जायला कुणाची छाती झाली नाही. आणि ज्या मूठभर माणसांनी लोकांचे टोमणे खात, तणाशी हातांनी झुंजत, शेणखताच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून माती जिवंत ठेवली, त्यांच्या शेतात येऊन तू म्हणतोस, गुन्हा इथे घडतोय! चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्याच्या गोष्टी मी पुस्तकांत पुष्कळ वाचल्या. दोर वळणारा माझ्या घरातून निघेल असं वाटलं नव्हतं.

उन्हाळ्यात तू ते पांढरे डबे घेऊन आलास. पोरांनी मातीत खेळताना उपडे घालावेत तसे शेतभर उपडे घातलेस. वरच्या रबरी बुचातून सुई खुपसायचास, आतली हवा ओढून काचेच्या बाटल्यांत भरायचास. आई वरून ओरडली होती, ‘अरे, जमिनीला ताप आलाय की काय?’ आणि तू मान वर न करता म्हणालास, ‘तपासतोय.’ तो ताप तू आधी साऱ्या जगाला सांगितलास आणि मग घरच्यांना कळला.

संघाचं अधिवेशन पुढच्या महिन्यात आहे. उत्तर मी तिथे देणार, उभं राहून, सगळ्यांसमोर. खालचं शेत हे आमचं काळीज आहे. ते खोटं ठरलं तर डोंगरउतारावरची आमची माणसं उद्या पुन्हा पोती विकत आणायला जातील, आणि ते पाप तुझ्या बाटल्यांत मावणार नाही.

सोमवारी पंप सुरू करते आहे. पाऊस ओसरलाय, चर तुडुंब आहेत, पाणी उपसून गाजराची पेरणी वेळेत व्हायला हवी. ‘पंपाचं जरा थांब’ असं तू जाताना फाटकाशी म्हणाला होतास, ते लक्षात आहे. लक्षात आहे म्हणूनच सांगते, थांबणार नाही.

तुझे डबे शेडमध्ये नीट ठेवले आहेत. आई बरी आहे. तुझी आठवण वगैरे काढत नाही.

अजून तरी तुझीच,
ताई


१९ ऑक्टोबर

धाकट्या,

एवढ्या पत्राला दोन ओळींचं उत्तर! ‘बातमी नको, सगळं लिखाण वाच. पंप एक वर्ष बंद ठेव.’ आपल्या वडिलांनंतर इतकं काटकसरीने बोलणारा माणूस मी पाहिला नाही.

वाचलं. लिखाण चिटणिसांकडून मागवून घेतलं, त्यांनी दोनदा विचारलं, ‘कशाला, ताई?’ मी म्हटलं, शत्रूची तलवार कुठे बोथट आहे ते बघायला.

आता प्रामाणिकपणे सांगते, म्हणजे तुझ्या बाबतीत जितकी प्रामाणिक राहता येईल तितकी. डोंगरउतारावरच्या आमच्या शेतांबद्दल तू जे लिहिलंस ते बातमीत एका शब्दाने नव्हतं. तिथे तू आम्हाला उजवं म्हटलंस. कारखान्यातलं खत नाही, म्हणून ते बनवताना जळणारं इंधन नाही. पिकांच्या मध्ये शेंगावर्गाची झाडं, जमीन कधी उघडी नाही, मातीत मुळं राहतात. खताच्या ढिगाबद्दलही तुझं बरोबर आहे. ओला, दाबलेला, वर्षभर न हलवलेला ढीग आतल्या आत घुसमटतो आणि वाईट वायू सोडतो. उलटापालटा केलेला, वरून झाकलेला ढीग कमी सोडतो. हे मी वीस गावांत ओरडून सांगत आले, तू आकड्यांत सांगितलंस. शेणखत पावसाच्या तोंडावर पसरू नये, तेही मान्य.

मग खालच्या शेतानेच तुझं काय घोडं मारलंय? तेच खत, तीच माणसं, तीच शिस्त. आणि तुझे आकडे असे, की डोंगरावर आम्ही जे कमावलं ते या एका शेताने उधळावं.

तुझं उत्तरही वाचलं. पाणी. ही माती म्हणजे मातीच नव्हे म्हणतोस. हजारो वर्षं पाण्याखाली पडलेली लव्हाळी, शेवाळ, मुळं. पाण्यात हवा नव्हती म्हणून कुजली नाहीत, थरावर थर साठली. आपण चर खणले, पंप लावला, पाणी काढलं आणि तिच्यात हवा शिरली. तेव्हापासून ती जळते आहे. धूर नाही, ज्वाळा नाही, पण जळतेच. खत कोणतं घाला, विष फवारा न फवारा, पाणी जितकं खोल उतरवाल तितकं जळणं जास्त. असं तू लिहितोस, थंडपणाने, एखाद्या परक्या गावाबद्दल लिहावं तसं.

त्यात तुझं बालपण आहे रे. आईने कमरेइतक्या चिखलात उभं राहून खणलेले चर आहेत.

पंप अजून सुरू झालेला नाही. पट्टा तुटलाय. नवा मिळायला वेळ लागतोय. यातून भलता अर्थ काढू नकोस.

काल गवंडी आला होता. दर काही वर्षांनी येतो तसा, खाली एक नवी पायरी जोडायला. जमिनीपासून शेवटची पायरी आता गुडघ्याइतकी उंच राहिली आहे. मला म्हणाला, ‘ताई, अख्ख्या तालुक्यात एकच घर आहे जे बांधून झाल्यावरही वाढतंय. आमच्या बापाचा हातगुण!’ मी हसले. आपण सगळेच हसत आलो. बाबा पाहुण्यांना अंगणात उभं करून दाखवायचे, आठवतं? ‘पोरं वाढतात तसं आमचं घर वाढतं.’ घर खोलवरच्या चिकणमातीपर्यंत रोवलेल्या खांबांवर उभं आहे, ते जागचं हलत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी घर वर जातंय असंच आपण म्हणायचो. जमीन खाली जाते आहे असं म्हणायची कुणाला गरजच पडली नाही.

गवंड्याला मी परत पाठवलं. सिमेंट ओल धरेल, नंतर ये म्हटलं.

डब्यांचं खरं सांगते. ते शेडमध्ये नाहीत. तुझी बातमी वाचून आले त्या दिवशी मी सगळे उपटले, मातीत ठोकलेल्या कड्यांसकट, आणि बांधावर फेकले. एक आईने वर मागवून घेतला. त्याखाली खुडूक कोंबडी बसवली आहे. ‘पोराने पाठवलंय तर कामाला आलं पाहिजे,’ म्हणाली. तू पाठवलेलं नाही, टाकून गेला आहेस, हे मी तिला समजावत नाही.

आणि हो, ती आठवण काढते. टपालवाल्याची सायकल वाजली की जिन्याच्या टोकाशी येऊन उभी राहते. टोकाशीच. गुडघ्यांमुळे उन्हाळ्यापासून ती खाली उतरलेली नाही. इतक्या पायऱ्या तिच्याने होत नाहीत.

ताई


२ नोव्हेंबर

धाकट्या,

आज मी फवाऱ्याकडे गेले होते.

वाच पुन्हा. मी, फवाऱ्याकडे. कालव्यापलीकडचा तो आपला शेजारी, शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या वेण्या बाकाला बांधणारा. मी संघ काढला त्या वर्षी त्याने सगळ्यात मोठं फवारणी यंत्र आणलं आणि मी भर सभेत त्याला हे नाव ठेवलं. तेव्हापासून त्याच्या उंबऱ्याला माझा पाय लागला नव्हता.

का गेले ते सांगते. तुझं लिखाण मी पुन:पुन्हा वाचलं आणि मला त्यात एक फट सापडली. मनात म्हटलं, चल, पाणी काढलेली ही माती खचते, मान्य. पण विषाने मेलेली माती जिवंत मातीपेक्षा जास्त खचत असलीच पाहिजे! आमच्यात गांडुळं आहेत, मुळं आहेत, आम्ही खत घालून परत भरतो. आणि याचा पुरावा समोरच उभा होता. त्याचं घर आणि आपलं घर एकाच वर्षी बांधलेलं, याच गवंड्याच्या बापाने, तसल्याच खांबांवर. बाबांनी पाणी भरलेली नळी कालव्यावरून धरून दोन्ही उंबरे एका पातळीत घेतले होते, त्याची गोष्ट आपण शंभरदा ऐकली आहे. म्हणजे त्याची जमीन किती खाली गेली ते त्याच्या पायऱ्याच सांगणार. अधिवेशनात मी म्हणणार होते, ‘जा, बघून या, विष फवारणाऱ्याचं घर माझ्यापेक्षा किती उंच झालंय!’ वाक्य तयार होतं. टाळ्या कुठे पडतील तेही ठरलं होतं.

तो अंगणात बसून यंत्राची नळी साफ करत होता. मला पाहून उठलाही नाही.

‘काय गं भोंग्या, वाट चुकलीस? भाषण आहे का? खुर्च्या मांडू?’

‘गप बस. पायऱ्या बघायला आलेय.’

‘कुणाच्या?’

‘तुझ्या.’

त्याने नळी खाली ठेवली. ‘बघ. पायऱ्या बघायला कुणाला बंदी नाही. वर गेलीस तर उंबऱ्याला पाय लागेल मात्र.’

मी पाहिल्या. मग फाटकापर्यंत मागे आले आणि पुन्हा पाहिल्या. मग कालव्याच्या काठावर गेले, जिथून दोन्ही घरं दिसतात.

धाकट्या, त्याच्या घराला आपल्यापेक्षा एक पायरी कमी आहे.

तो मागून येऊन उभा राहिला. टोमणा मारला नाही. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

‘मला माहीत होतं,’ म्हणाला. ‘गवंडी तुझ्याकडे जास्त वेळा जातो.’

‘कसं शक्य आहे? मी या मातीला एक थेंब विषाचा लागू दिला नाही.’

‘नाही दिलास. पण तू नांगरतेस किती? माझ्या तणाला औषध आहे, मी एकदा फवारून घरी बसतो. तुझं तण उगवलं की तू माती उलथतेस. पुन्हा उगवलं, पुन्हा उलथतेस. वर खाली, वर खाली. चूल विझत आली की आई काय करायची? राख हलवायची, फुंकर मारायची.’

‘तुला हे धाकट्याने शिकवलं?’

‘तुझा भाऊ माझ्याकडेही डबे लावून गेलाय. माझे अजून जागेवर आहेत.’ मग म्हणाला, ‘हसू नकोस, पण माझीही जातेच आहे. तू भरभर चढते आहेस, मी हळूहळू. जिना एकच.’

मी हसले नाही. निघताना मी एवढंच म्हटलं, ‘नाव बदलणार नाही मी तुझं.’ तो म्हणाला, ‘नकोच. सवय झालीये.’

घरी आले तर आई जिन्याच्या टोकाशी.

‘कुठे गेली होतीस?’

‘कालव्यापलीकडे.’

‘भांडायला?’

‘नाही.’

‘मग आजारी आहेस.’

मी तिच्याजवळ वरच्या पायरीवर बसले आणि तिला सांगितलं. सगळं. मला वाटलं होतं तिला समजणार नाही, किंवा समजलं तर ती मोडेल. कारण ते चर तिचे आहेत. लग्न होऊन आली तेव्हा इथे लव्हाळी आणि बगळे होते, आणि तिने बाबांच्या बरोबरीने फावडं चालवून त्याचं शेत केलं. तिच्या बोटांची पेरं अजून त्या फावड्याच्या दांड्यासारखी वाकलेली आहेत.

ऐकून घेतलं तिने. मग खाली बघून विचारलं, ‘म्हणजे एवढी माती गेली कुठे?’

‘हवेत.’

‘मग मी पुष्कळशी श्वासात घेतली असेल.’

पुढे म्हणाली, ‘आम्ही पाणी काढलं तेव्हा पहिल्या वर्षी वास यायचा. जुन्या, बंद पेटीसारखा. तुझे बाबा म्हणायचे, समृद्धीचा वास आहे. मला भीती वाटायची. पण नवी सून काय बोलणार?’ आणि मग, ‘मला एकदा खाली पाय ठेवायचाय गं. मातीवर. पायऱ्या नकोत, माती हवी.’

पट्टा तुटलेला नव्हता. खुंटीला टांगलेला आहे, चांगला आहे. पंपाची किल्ली माझ्या कमरेलाच आहे. रोज सकाळी पंपघरापर्यंत जाते आणि परत येते.

पेरणीची वेळ जाते आहे. अधिवेशन तोंडावर आलं आहे, आणि माझ्याकडे भाषण नाही.

ताई


२३ नोव्हेंबर

धाकट्या,

झालं अधिवेशन. तुला कुणाकडून तरी कळेलच, आणि कळेल ते तिखटमीठ लावून. म्हणून आधी माझ्याकडून घे.

चिटणीस मला व्यासपीठामागच्या खोलीत भेटले. त्यांना मी आदल्या आठवड्यात सगळं सांगितलं होतं. भला माणूस. हातात पाण्याचा पेला घेऊन उभे होते आणि तो त्यांनीच पिऊन टाकला. म्हणाले, ‘ताई, डोंगराचे आकडे आपल्या बाजूचे आहेत ना? तेवढेच सांगा. खोटं थोडंच आहे ते?’

मी म्हटलं, ‘अर्धं सांगणाऱ्याला मी आयुष्यभर खोटारडाच म्हणत आले. तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवायचात.’

‘पण लोक पोत्यांकडे वळतील हो.’

‘वळतील. आपण खोटं धरून बसलो तर उद्या सगळेच वळतील, आणि तेव्हा त्यांना अडवायला आपल्याकडे तोंड नसेल.’

सभागृह भरलेलं. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, फवाऱ्या. निमंत्रण नसताना आला होता, स्वच्छ सदरा घालून, लग्नाला आल्यासारखा.

मी आधी डोंगराचं सांगितलं, आणि ते मी जोरात सांगितलं, कारण ते खरं आहे आणि ते आमचं आहे. विष सोडल्याचा मला पश्चात्ताप नाही, मरेपर्यंत होणार नाही. टाळ्या झाल्या. मग मी म्हटलं, ‘आता टाळ्या पुरे. आता माझ्या जिन्याबद्दल ऐका.’

मी त्यांना घराची गोष्ट सांगितली. वाढणाऱ्या घराची. बाबांचा विनोद सांगितला तेव्हा सगळे हसले, आणि मग फवाऱ्याची एक पायरी कमी आहे म्हटल्यावर हसू कसं विझतं ते मी व्यासपीठावरून पाहिलं. मी म्हटलं, आपण विष काढून टाकलं आणि समजलो की आपण निर्दोष झालो. पण निसर्ग आपली नियत बघत नाही. तो बघतो पाणी किती खोल आहे, माती किती वेळा उलथली, ढीग झाकला की उघडा ठेवला. मोठमोठी राज्यं विषाने नाही बुडाली. पाटाचं पाणी चुकीचं खेळवून, जमिनीवर मीठ चढवून, भरल्या कोठारांसमोर बुडाली, आणि त्यांचे पुजारी शेवटपर्यंत मातीचे गोडवे गात होते. मला तसली पुजारीण व्हायचं नाही. डोंगरावर आपलं चाललंय ते चालू द्या. पण दलदल उपसून केलेल्या शेतात आपण जे करतो त्याला मी यापुढे निसर्गाची शेती म्हणणार नाही. या वर्षी मी माझा पंप लावणार नाही. पाणी जमिनीखाली वीतभर राहील. मग जे होईल ते होईल.

मधल्या रांगेतून एकजण ओरडला, ‘ताई, मग आम्ही काय बेडूक पेरायचे?’

‘बेडूक पेरावे लागत नाहीत,’ मी म्हटलं. ‘पाणी राहू द्या, ते येतात. माती मात्र पेरून येत नाही.’

काही हसले. तरुण मुलांची एक रांग उठून बाहेर गेली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना मीच संघात आणलं होतं. ‘खालच्या भागात माझं सगळंच तसलं शेत आहे, मी काय खाऊ ते पण सांगा,’ असं एका बाईने विचारलं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसं मी सांगितलं. उत्तर नाही असं मी व्यासपीठावरून कधी म्हटलेलं तुला आठवतंय? तिला मी म्हटलं, लव्हाळी कापून बघू, ओल्यात काय तगतं ते बघू, आधी मी करून बघते, तुला उडी मारायला सांगत नाही. ती खाली बसली. पटलं नाही तिला. मलाही पूर्ण पटलेलं नाही, पण दुसरं खरं माझ्याकडे नव्हतं.

दलदलीतल्या शेतांबद्दलचा संघाचा निर्णय पुढे ढकलला गेला. आदर्श शेताची पाटी मात्र उतरवायची ठरली. आज मीच उतरवली. मागच्या बाजूने लाकूड चांगलं आहे, कोंबडीच्या खुराड्याला दार होईल.

बाहेर फवाऱ्या सायकल धरून उभा होता. ‘बरी बोललीस,’ म्हणाला. ‘पण माझा पंप मी लावलाय. माझी सून म्हणते, तुमच्या मैत्रिणीला बुडू द्या आधी, मग बघू.’

‘मी तुझी मैत्रीण कधी झाले?’

‘तेच मी तिला विचारलं.’

आता कालव्यापलीकडे त्याचा पंप दिवसभर धडधडतो, आणि आपल्याकडे शांत. इतकी शांतता मला या शेतात ठाऊक नव्हती. आई म्हणते, तिला ठाऊक आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाची आहे.

व्यासपीठावरून मी आणखी एक वाक्य बोलले, ते तुला सांगायचं राहिलं. ‘हे मोजणारा माझा भाऊ आहे. त्याला विकला गेलेला म्हणणारी मी पहिली होते. ते शब्द मी परत घेते, याच ठिकाणी, मोठ्या आवाजात, कारण म्हणतानाही मोठ्या आवाजात म्हटले होते.’ तू तिथे नव्हतास. ते शब्द मी आधी म्हटले होते हेही कदाचित तुला ठाऊक नसेल. आता दोन्ही ठाऊक झालं.

ताई


१२ डिसेंबर

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. या वेळी चार ओळी! प्रगती आहे.

तू लिहितोस, पाण्याला संत करू नकोस. पाणी वर आलं की माती जळायची थांबेल, पण सुरुवातीला दलदलीचा वायू वाढेल, आणि पाणी जमिनीवर साचलं तर आणखी वाढेल. वीतभर खाली राखणं महत्त्वाचं. समजलं. चराच्या तोंडाशी फळी बसवली आहे, ती वरखाली करून पातळी राखते. सकाळी बघते, संध्याकाळी बघते. पंप चालवणं सोपं होतं, बटण दाबलं की झालं. पाणी राखण्याला माणूस लागतो.

आणि हेही समजलं, की गेलेली माती परत येणार नाही. आपल्या हयातीत नाही, आपल्या पोरांच्याही नाही. शेत जिथे आहे तिथेच थांबलं तर ते यश. मी आयुष्यभर लोकांना विजय विकला. आता थांबणं हाच विजय, हे कसं सांगायचं ते शिकते आहे. टाळ्या कमी पडतात याला.

शेत ओळखू येत नाही. कोबीच्या जुन्या सऱ्यांत पाणी चमकतं. कडेने लव्हाळी उठली आहेत. मी लावलेली नाहीत, कुठे दबा धरून होती कोण जाणे. चालताना पाय स्पंजावर पडल्यासारखा पडतो. तुझे डबे मी बांधावरून गोळा केले, धुतले, आणि वाळत घातले आहेत. एकाला चीर गेली आहे, ती माझ्या फेकण्याने. कोंबडीखालचा मोकळा झाला, पिल्लं निघाली. कड्या मी मातीत ठोकल्या नाहीत. ज्या ठिकाणी होत्या तिथे अजून गोल खुणा आहेत, तिथे तूच ठोक. आणि जे निघेल ते छाप. पाण्याने फायदा झाला नाही असं निघालं, तरी छाप. बातमीवाल्यांना मात्र या वेळी डोंगरासकट सगळं वाचायला लाव, नाहीतर मी येते तिथे, आणि मी येते म्हणजे काय ते त्यांना सांग.

गवंडी परवा पुन्हा आला होता. सिमेंट, विटा, सगळं घेऊन. मी त्याला म्हटलं, पायरी बसवायची नाही. तो गडबडला. ‘अहो ताई, गुडघ्याइतकी उडी आहे, माणूस पडेल.’ मी म्हटलं, ‘तेवढी उडी राहू दे. ती वाढली तर मला कळेल, नाही वाढली तरी कळेल. पायरी बसवली की आपण पुन्हा विसरतो.’ तो विटा परत घेऊन गेला. जाताना म्हणाला, ‘म्हणजे घर वाढायचं थांबलं म्हणायचं.’

आईने हे वरून ऐकलं. तेव्हापासून तिने हट्ट धरलाय, तिला खाली उतरायचंय, शेत थांबलंय तोवर. मी म्हटलं, गुडघे? म्हणाली, बसत बसत येईन, एकेक पायरी. आणि ती येईल, तुला आई माहीत आहे. काल अर्ध्यापर्यंत आली, धापा टाकत बसली आणि मला म्हणाली, ‘बघतेस काय, भाषण कर काहीतरी, दम लागलाय मला.’

शेवटच्या उडीचं मात्र मला एकटीला जमणार नाही. मी वरून काखेत हात घालून तिला धरू शकते. पण खाली, ओल्या मातीत घट्ट पाय रोवून, तिला अलगद उतरवून घ्यायला दुसरं माणूस हवं. फवाऱ्या येतो म्हणाला होता. आई म्हणाली, नको.

बूट उंच घेऊन ये. खालची जागा तुझ्यासाठी ठेवली आहे.

ताई